नागपुरातून मीडियम वेव्हवर दूरची केंद्रं पकडायची तर आधी काय, मग काय

नव्यानं दूरची केंद्रं ऐकायला बसणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा एकाच जागी अडते. रेडिओ घरी येतो, गच्चीवर वीस मीटर तार चढते, तिचं टोक रेडिओला गुंडाळलं जातं आणि डायलवर पाच ठिकाणी नागपूरच लागतं. उरलेल्या जागेत नुसती खरखर. मग दोन रात्रींत निकाल लागतो की मीडियम वेव्हवर आता काही उरलेलंच नाही.

तार हा शेवटचा विषय आहे, आणि छोट्या रेडिओसाठी तर तो विषयच नाही. आधी रेडिओ नीट लावायचा, मग घर शांत करायचं, भरदुपारची यादी करायची, नागपूर केंद्र दाबायला म्हणजे त्याचा आवाज पाडायला शिकायचं, आणि त्यानंतर लूप (चौकटीवर तारेचे वेढे घेऊन केलेली, फिरवता येणारी अँटेना) बांधायला घ्यायचा. खाली सगळं याच क्रमानं दिलं आहे. शॉर्टवेव्ह आणि एफएमचे नियम वेगळे असतात. इथे फक्त ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झचा पट्टा.

## १. रेडिओ आणि त्याची मांडणी

रेडिओ बॅटरीवर चालणारा, आकडे दाखवणारा आणि एएमची बँडविड्थ (एका वेळी तो किती रुंद पट्टा ऐकतो ते) बदलता येणारा हवा. टेकसन पीएल-३३०, पीएल-३८० किंवा एक्सएचडेटा डी-८०८ या जातीचा कोणताही चालेल. घरातला जुना व्हॉल्व्हचा रेडिओ कानाला गोड लागतो, पण काटा ७३८ वर आहे की ७४७ वर हे तो सांगत नाही, आणि या छंदात सगळा खेळ त्या नऊ किलोहर्ट्झचा आहे.

पहिली सेटिंग मीडियम वेव्हच्या पायरीची. भारतात केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतरानं असतात, अमेरिका खंडांत १० च्या. बाहेरून मागवलेला रेडिओ अनेकदा १० वर लावून येतो. मग तो ५८० वरून थेट ५९० वर उडी मारतो आणि दोन्हीकडे नागपूर फाटक्या आवाजात ऐकू येतं. पायरी ९ वर आणा. पद्धत रेडिओच्या पुस्तिकेत दिलेली असते.

बँडविड्थ ४ किंवा ३ किलोहर्ट्झवर ठेवा. सुरुवातीलाच १ वर नेली तर बोलणं इतकं बोजड होतं की भाषाही कळत नाही. शेजारचं केंद्र घुसलं तरच खाली या.

हेडफोन घ्या, साधा वायरचा. ब्लूटूथचा नको. चार्जर काढून टाका. चार्जर जोडून ऐकणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे, आणि ती करणाऱ्याला वाटत असतं की खरखर आकाशातून येते.

तपासणी: ५८५ वर नागपूर स्वच्छ लागतं का? आता एक सोपी खूण लक्षात ठेवा. आपल्याकडचा प्रत्येक मीडियम वेव्ह चॅनल ९ च्या पाढ्यात बसतो, म्हणजे आकड्यातल्या अंकांची बेरीजही ९ च्या पटीत येते. ५८५ ची १८, १०४४ ची ९, ७९२ ची १८. बेरीज जुळत नाही अशा आकड्यावर केंद्र लागलं तर ते बहुधा केंद्र नाही. हे पुढे चौथ्या टप्प्यात कामाला येईल.

## २. घरातला गोंगाट

इथे घाई करू नका. शहरातल्या घरात दूरचं केंद्र न लागण्याचं कारण दहापैकी आठ वेळा घरातच सापडतं.

दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान रेडिओ एखाद्या रिकाम्या चॅनलवर लावा, पट्ट्याच्या वरच्या टोकाला म्हणजे १४०० च्या पुढे कुठेतरी. आवाज असा ठेवा की खरखर स्पष्ट ऐकू येईल, आणि मग त्या बटणाला हात लावू नका. आता घराचा मेन स्विच बंद करा.

घरात इन्व्हर्टर असेल तर इथेच फसगत होते. मेन बंद होताच इन्व्हर्टर चालू होतो आणि अनेक इन्व्हर्टर स्वतःच मोठा गोंगाट करतात. खरखर कमी व्हायच्या ऐवजी वाढते आणि माणूस म्हणतो, "म्हणजे घराचा दोष नाही." इन्व्हर्टरचा स्विचही बंद करा, मगच ऐका.

खरखर एकदम खाली आली तर गुन्हेगार घरातला आहे. मेन परत चालू करा, सगळे एमसीबी पाडा आणि एकेक करून उचला. ज्या एमसीबीला खरखर परत येते त्या खोलीतल्या वस्तू एकेक करून काढा. सहसा सापडतात त्या या:

- एलईडी बल्ब आणि पट्ट्या. एकाच कंपनीचे दोन बल्बही सारखे नसतात, त्यामुळे प्रत्येक बल्ब वेगळा तपासा.
- मोबाईल, लॅपटॉप आणि वाय-फायचे अडॅप्टर. मोबाईल काढून घेतला तरी सॉकेटमधला चार्जर गोंगाट करतच राहतो.
- पंख्याचे आणि कूलरचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. पंखा पूर्ण वेगावर असताना आवाज कमी आणि मधल्या वेगावर जास्त येत असेल तर रेग्युलेटरच आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात शेजारचे चार कूलरही यात भर घालतात.
- डीटीएचचा डबा. रिमोटनं बंद केल्यावरही त्याचा पुरवठा चालू असतो. प्लग काढावा लागतो.
- छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर. हा मावळतीला आपोआप गप्प होतो, म्हणून रात्री ऐकणाऱ्याला त्याचा त्रास नाही. पण दुपारची यादी तो बिघडवतो.

चार्जर बदलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. बदलता येत नसेल तर त्याच्या वायरीचे सहा ते आठ वेढे फेराइटच्या (गोंगाट अडवणाऱ्या काळ्या चुंबकीय पदार्थाच्या) कड्यातून घ्या. एकच वेढा घेऊन "फरक पडला नाही" म्हणणारे बरेच आहेत. मीडियम वेव्हच्या कमी फ्रिक्वेन्सीला एका वेढ्यानं काही होत नाही.

सगळं बंद करूनही खरखर तशीच राहिली तर रेडिओ हातात घेऊन घराबाहेर चालत जा. विजेच्या खांबाजवळ गुरगुर वाढली तर इन्सुलेटर किंवा सैल जोड असू शकतो. कोरड्या हवेत आणि धुळीत हा आवाज वाढतो आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर पुष्कळदा कमी होतो. मेट्रोच्या मार्गाला लागून घर असेल तर वरच्या २५ किलोव्होल्टच्या तारेचीही भर पडते. त्यावर घरबसल्या इलाज नाही. लूप फिरवून जेवढं दाबता येईल तेवढं दाबायचं.

सावधान: खांबाला हात लावू नका, काठीनं ठोकून बघू नका. महावितरणला कळवा आणि खांबाचा क्रमांक द्या.

आता जागा ठरवा. सिमेंट-सळईच्या स्लॅबखाली मीडियम वेव्ह मरते. त्याच घरात खोलीच्या मध्यभागी आणि गच्चीवर जमीन-अस्मानाचा फरक असतो. गच्ची नसेल तर खिडकी, पण लोखंडी ग्रिलपासून निदान एक मीटर आत. पत्र्याचं छप्पर टाळा.

शहर सोडून बाहेर बसायचं तर रामटेक, उमरेड किंवा काटोलच्या बाजूला रस्त्यापासून आत चांगल्या जागा मिळतात. कोराडी-खापरखेड्याकडे जाऊ नका. औष्णिक वीज केंद्रांमुळे तिकडे अतिउच्च दाबाच्या तारांचं जाळं आहे. गाडीचं इंजिन बंद ठेवा, गाडीतला मोबाईल चार्जर काढा आणि रेडिओ गाडीपासून निदान तीन मीटर दूर मांडा. गाडीचा पत्रा दिशा बिघडवतो.

## ३. भरदुपारची यादी

सगळ्यांना रात्रीची घाई असते. पण दुपारी काय लागतं हे माहीत नसेल तर रात्री नवीन काय आलं हे कळणार कसं?

सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळात मीडियम वेव्ह फक्त जमिनीलगत चालते. आकाशातून परतणारी लहर दिवसा वातावरणाचा डी थर शोषून घेतो. म्हणजे या वेळी जे लागतं ते जवळचं, किंवा बऱ्याच ताकदीचं.

५३१ पासून १६०२ पर्यंत १२० चॅनल होतात. प्रत्येकावर दहा-पंधरा सेकंद थांबा. वहीत तीनच खुणा करा: स्पष्ट, क्षीण, काही नाही. ५८५ वर नागपूर तीनशे किलोवॅटचं आहे, त्यामुळे शहरात ५७६ आणि ५९४ वर त्याचाच चरचराट असणार. त्या दोन चॅनलवर वेळ घालवू नका. शांत जागी रायपूरचं ९८१ (सुमारे २६५ किमी) आणि जबलपूरचं ८०१ (सुमारे २४० किमी) दुपारीही क्षीण मिळू शकतात.

मध्येच एखाद्या चॅनलवर कडेपर्यंत एकसारखा भरलेला, चढ-उतार नसलेला सूं आवाज लागेल. ती बिघाडाची खरखर नाही, डीआरएमचं डिजिटल प्रसारण आहे. साध्या रेडिओवर त्यातून काही निघणार नाही. वहीत "डी" लिहून पुढे जा.

तपासणी: आकाशवाणीनं गेल्या काही वर्षांत बरेच मीडियम वेव्ह ट्रान्समीटर बंद केले आहेत. जुन्या यादीतलं केंद्र लागलं नाही तर लगेच रेडिओला दोष देऊ नका. इथे दिलेले आकडे केंद्रांना ठरवून दिलेले आहेत. त्या रात्री ते हवेत आहेत की नाही हे कानानंच ठरवायचं.

## ४. नागपूर दाबायला शिका

रेडिओच्या आत, बहुधा वरच्या कडेला, लांबीच्या दिशेनं फेराइटची कांडी आडवी असते. मीडियम वेव्हची अँटेना तीच. बाहेरची चकचकीत काडी एफएम आणि शॉर्टवेव्हची असते. ती ओढून मीडियम वेव्ह सुधारत नाही.

कांडीची बाजू केंद्राकडे असेल तेव्हा आवाज सर्वात मोठा. कांडीचं टोक केंद्राकडे रोखलं की आवाज पडतो. मोठ्या आवाजाची दिशा पसरट असते, पंधरा-वीस अंश इकडे-तिकडे झालं तरी कळत नाही. पडण्याची दिशा मात्र अरुंद आणि नेमकी असते. म्हणून केंद्र शोधताना रेडिओ मोठ्या आवाजासाठी फिरवू नका, नको असलेलं केंद्र पाडण्यासाठी फिरवा. एवढं एक कळलं की अर्धा छंद आला.

सराव दुपारी करा. ५८५ लावा, रेडिओ लाकडी स्टुलावर ठेवा आणि हळूहळू फिरवा. आवाज सर्वात खाली जातो तिथे थांबा. आता एक टोक किंचित वर उचला. कधी कधी आणखी पडतो. स्टुलावर खडूनं रेघ मारून ठेवा. रात्री हाच प्रयोग केला तर जमिनीची आणि आकाशाची लहर एकत्र येते, शांत दिशा सरकत राहते आणि नवखा माणूस गोंधळतो.

मोबाईलचा होकायंत्र वापरत असाल तर रेडिओपासून एक मीटर दूर वापरा. स्पीकरचं चुंबक सुई भलतीकडे नेतं.

नागपूर देशाच्या मधोमध, झिरो माइलचं गाव. केंद्रं चारही बाजूंनी येतात. फायदा आणि अडचण दोन्ही त्यातच आहे. दिशा साधारण अशा:

- उत्तर आणि ईशान्य: दिल्ली ८१९ आणि ६६६, लखनौ ७४७, जबलपूर ८०१
- पूर्व: रायपूर ९८१, कोलकाता ६५७
- दक्षिण: हैदराबाद ७३८, चेन्नई ७२०, बंगळूर ६१२
- पश्चिम: मुंबई १०४४ आणि ५५८, पुणे ७९२, अहमदाबाद ८४६, इंदूर ६४८

कांडी किंवा लूप समोरची आणि पाठीमागची दिशा एकसारखीच पाहतात. म्हणजे उत्तरेचं केंद्र पाडलं की दक्षिणेचंही पडतं. याची सगळ्यात चांगली शाळा ७३८ आणि ७४७ वर भरते. हैदराबाद दक्षिणेला, लखनौ उत्तरेला, आणि नागपूर जवळजवळ त्यांच्या सरळ रेषेत. रेडिओ कितीही फिरवा, दोघं वेगळी होणार नाहीत. इथे बँडविड्थ २ वर आणायची आणि हैदराबादसाठी ७३८ ऐवजी ७३७ किंवा ७३६ वर सरकायचं, म्हणजे लखनौची कड फिल्टरच्या बाहेर पडते.

उलट ७९२ आणि ८०१ बघा. पुणे नैर्ऋत्य-पश्चिमेला, जबलपूर उत्तर-ईशान्येला. त्यांच्या रेषांत साधारण चाळीस अंशांचा फरक आहे. कांडीचं टोक जबलपूरकडे रोखलं की ते पडतं आणि पुणे थोडंसंच कमी होऊन शिल्लक राहतं. दिशेनं सुटणारा प्रश्न कोणता आणि फिल्टरनं सुटणारा कोणता, हे नकाशावर पट्टी ठेवून आधीच ठरवता येतं.

खोटी केंद्रं. जवळचं केंद्र ताकदवान असलं की रेडिओच्या आतच नवी "केंद्रं" जन्माला येतात. नागपुरात तीन जागा लक्षात ठेवा.

५८५ ची दुप्पट ११७०. तिथे नागपूरचाच कार्यक्रम लागला तर ते दुसरं केंद्र नाही.

नागपूरला १५६६ किलोहर्ट्झवर एक हजार किलोवॅटचा ट्रान्समीटर आहे. तो चालू असताना १५६६ वजा ५८५ बरोबर ९८१ येतात, म्हणजे नेमकं रायपूर! ९८१ वर दोन कार्यक्रम एकात एक मिसळलेले ऐकू आले तर आधी याच वजाबाकीचा संशय घ्या.

तिसरी जागा जुन्या पद्धतीच्या, ४५५ किलोहर्ट्झ आयएफच्या (रेडिओच्या आतल्या मधल्या फ्रिक्वेन्सीच्या) रेडिओची. त्यावर कोणतंही ताकदवान केंद्र खऱ्या जागेपेक्षा ९१० किलोहर्ट्झ खाली पुन्हा दिसू शकतं. १५६६ तिथून ६५६ वर उतरतं, कोलकात्याच्या ६५७ ला चिकटून. बेरीज १७, नऊच्या पाढ्यात नाही.

तपासणी: खोटं की खरं ठरवायला रेडिओ संशयाच्या चॅनलवर ठेवून ५८५ च्या शांत दिशेला फिरवा, म्हणजे खडूच्या रेघेवर. तिथे आवाज सपाट झाला तर तो नागपूरच्याच पोटातला आहे. खरं रायपूर पूर्वेचं. त्यासाठी कांडीचं टोक पूर्व-पश्चिम करून बघा.

## ५. लूप बांधणं

आता कुठे अँटेनाची पाळी आली. छोट्या रेडिओला लांब तार जोडली की ५८५ त्याच्या डोक्यावर बसतं आणि वर सांगितलेली खोटी केंद्रं दसपट होतात. शिवाय तार घरातला गोंगाटही गोळा करते. (आणि संक्रांतीच्या आठवड्यात नागपूरच्या गच्चीवरची तार मांजापासून वाचवणं हा वेगळाच उद्योग आहे.) लूप मात्र एका वेळी एकच फ्रिक्वेन्सी वर उचलतो आणि फिरवताही येतो.

सामान:

- ८५ सेंटिमीटरच्या दोन लाकडी पट्ट्या, फुलीसारख्या जोडायला. अशा फुलीवर ६० सेंटिमीटर बाजूचा चौकोन बसतो.
- टोकांना लावायला दहा सेंटिमीटर रुंद लाकडाचे किंवा जाड प्लास्टिकचे चार तुकडे. प्रत्येकावर ६ मिलिमीटर अंतरानं १३ खाचा.
- २२ गेजची इनॅमल तांब्याची तार, ३५ मीटर. मोटार रिवायंडिंगच्या दुकानात ती वजनावर मिळते. सव्वाशे ते दीडशे ग्रॅम पुरते.
- जुन्या रेडिओतला हवेचा गँग कंडेन्सर (पाती फिरवून क्षमता बदलणारा), एका भागाची क्षमता ३६५ पिकोफॅरडच्या आसपास. जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे विचारा.
- प्लास्टिकची लांब दांडी असलेलं बटण.

तारेचे १३ वेढे खाचांतून घ्या, ताणून पण लाकूड वाकू न देता. दोन्ही टोकांचं इनॅमल पॉलिश पेपरनं खरवडा. तार चकाकेपर्यंत खरवडा, कारण डाख न लागण्याचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं. एक टोक गँगच्या स्थिर पात्यांच्या एकाच भागाला, दुसरं त्याच्या सांगाड्याला. दोन्ही भाग एकत्र जोडू नका, पट्ट्याचं वरचं टोक हातचं जाईल. रेडिओला कोणतीही वायर जोडायची नाही.

हवेचा गँग मिळाला नाही आणि छोट्या ट्रान्झिस्टरमधला प्लास्टिकचा मिळाला, तर दोन्ही भाग मिळून साधारण २०० पिकोफॅरड भरतात. मग ७०० किलोहर्ट्झच्या खाली लूप लागत नाही. १८० पिकोफॅरडचा एक कंडेन्सर छोट्या स्विचमधून समांतर जोडा. स्विचनं कंडेन्सर जोडला की पट्ट्याचा खालचा भाग, तोडला की वरचा. दोन्ही पट्टे ७०० च्या आसपास जेमतेम जुळतात. फट राहिली तर कंडेन्सर थोडा बदलून बघा.

वापरताना लूप उभा ठेवा आणि रेडिओ त्याच्या मध्याजवळ असा धरा की आतली कांडी लूपच्या पसरट बाजूला काटकोनात येईल. रेडिओ लूपला समांतर ठेवणं ही इथली नेहमीची चूक. तसं ठेवलं तर लूप आहे की नाही हेच कळत नाही. एखादं क्षीण केंद्र लावा आणि गँग सावकाश फिरवा. एका नेमक्या जागी आवाज उसळी मारतो. ती जागा इतकी अरुंद असते की घाईत निसटून जाते.

तपासणी: गँगची पाती पूर्ण आत गेली तरी ५८५ ला उसळी येत नसेल तर एक वेढा वाढवा. पाती पूर्ण बाहेर असताना जेमतेम १४०० पर्यंत पोहोचत असेल तर एक वेढा काढा. उसळीच येत नसेल तर डाख तपासा आणि पाती कुठे एकमेकांना घासतात का ते उजेडात बघा.

रेडिओ लूपच्या अगदी पोटात घुसवू नका. दहा ते तीस सेंटिमीटरच्या दरम्यान अंतर बदलत जा. फार जवळ आणलं की एका केंद्राला दोन ठिकाणी उसळी येते आणि जवळचं केंद्र फाटतं. लूपची कड केंद्राकडे असेल तेव्हा आवाज मोठा, आणि पसरट बाजू केंद्राकडे असेल तेव्हा शांत. लूप फिरवताना रेडिओही त्याच्याबरोबर फिरला पाहिजे, म्हणून दोन्ही एकाच फिरत्या पाटावर ठेवा.

सावधान: वळवाच्या दिवसांत, एप्रिल ते जून, गडगडाट ऐकू आला की गच्चीवरून खाली या. रेडिओत कडकड वाढू लागली की वीज अजून लांब असली तरी तीच सूचना समजा.

## ६. कधी बसायचं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दूरच्या विजांची कडकड पट्टा भरून टाकते.

संध्याकाळी अंधार पूर्वेकडून येतो, म्हणून पूर्वेची केंद्रं आधी उठतात. कोलकात्याचा सूर्य नागपूरच्या सुमारे ३७ मिनिटं आधी मावळतो, मुंबईचा सुमारे २५ मिनिटं नंतर. डिसेंबरात नागपूरला साडेपाचच्या सुमारास सूर्य जातो. पाचलाच गच्चीवर बसा आणि ६५७ पासून सुरुवात करा, मग दक्षिणेचे ७३८ आणि ७२०, आणि शेवटी पश्चिमेचे १०४४ आणि ८४६. बहुतेक लोक जेवण आटोपून नऊला बसतात. तोवर सगळी केंद्रं एकाच वेळी आलेली असतात आणि एकमेकांवर चढून बोलत असतात.

एका चॅनलवर दहा-पंधरा मिनिटं थांबा. आकाशातून येणारी लहर चढते-उतरते. आता बुडालेलं केंद्र चार मिनिटांनी स्पष्ट होतं. आवाज पूर्ण भरात असूनही फाटल्यासारखा झाला तर रेडिओ बिघडलेला नाही. दोन वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींना छेदताहेत.

रात्री अकराच्या पुढे आकाशवाणीची बरीच प्रादेशिक केंद्रं सभा संपवतात. तो वेळ वाया घालवू नका. त्यांच्या खाली दबलेले परदेशी आवाज, पश्चिमेकडून अरबी-फारसी आणि पूर्वेकडून चिनी, तेव्हा वर येतात.

सगळ्यात मोलाची वेळ मात्र पहाटेची. आकाशवाणीची बहुतेक केंद्रं ५ वाजून ५५ मिनिटांच्या सुमारास सकाळची सभा उघडतात: संकेतधून, वंदे मातरम् आणि मग केंद्राचं नाव त्या-त्या भाषेत. डिसेंबर-जानेवारीत नागपूरला सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, म्हणजे ही नावं अंधारात, दूरवरून, आयती मिळतात. जूनमध्ये साडेपाचलाच उजाडतं आणि ही संधी निघून जाते. ५.४५ ला तयार राहा. ट्रान्समीटर धून लागायच्या आधीच चालू होतात, तेव्हा चॅनलवरची खरखर अचानक दबते. ते ऐकू आलं की त्याच चॅनलवर थांबा. दहा चॅनल चाळत बसलात तर दहाही ठिकाणी फक्त संकेतधून मिळेल आणि नाव एकाचंही नाही. एका पहाटे एक किंवा दोनच चॅनल.

उजाडताना क्रम संध्याकाळसारखाच, पूर्वेकडून. पूर्वेची केंद्रं आधी विझतात, मुंबई आणि अहमदाबाद शेवटी.

## ७. ओळख पटवणं

भाषा ही ओळख नाही. हिंदी म्हटलं तर इंदूर, जबलपूर, रायपूर, दिल्ली, लखनौ सगळीच. मराठी ऐकू आली म्हणून मुंबई ठरत नाही, पुणेही असू शकतं. राष्ट्रीय बातम्या तर अनेक केंद्रं एकाच वेळी सहक्षेपित करतात, त्यामुळे बातम्यांतून केंद्र ओळखणं बंदच करा. केंद्राचं नाव कानावर पडलं, किंवा फक्त त्याच गावचं म्हणता येईल असं काही ऐकू आलं (स्थानिक हवामान, बाजारभाव, जिल्ह्याच्या सूचना) तरच नाव लिहा. नाहीतर "अनोळखी" लिहा. त्यात कमीपणा नाही, उद्या त्याच वेळी परत बसता येतं.

एक चांगला पडताळा न्यूज ऑन एअर या अ‍ॅपचा. संशयित केंद्राचं थेट प्रसारण मोबाईलवर लावा आणि रेडिओशी जुळवा. मोबाईलवरचा आवाज काही सेकंद मागे असतो, म्हणून रेडिओवरचं एखादं वाक्य लक्षात धरून त्याची वाट बघा. हे स्थानिक कार्यक्रमाच्या वेळी करा, सहक्षेपणाच्या वेळी सगळीच केंद्रं जुळतील. मोबाईल रेडिओपासून दूर हवा, दुसऱ्या खोलीत असेल तर आणखी बरं.

रेकॉर्डिंग करून ठेवा. पुसट नाव पहिल्यांदा ऐकताना जे वाटतं ते दुसऱ्या दिवशी ऐकताना बरेचदा वाटत नाही. यादी हातात धरून ऐकू नका, कान यादीतलंच नाव ऐकतात.

## ८. नोंद आणि अहवाल

वहीत तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, भाषा, काय ऐकलं, लूपची दिशा. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहा: भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा. यात सर्वात जास्त चुकते ती तारीख. मध्यरात्रीपासून पहाटे ५.२९ पर्यंत यूटीसीत आदल्या दिवशीची तारीख असते. १० जानेवारीला पहाटे ५.१५ ला ऐकलेलं ९ जानेवारी, २३.४५ यूटीसी असं जातं. ५.५५ ची धून मात्र १० तारखेलाच, ००.२५ ला.

केंद्राला अहवाल पाठवून क्यूएसएल कार्ड (आपण ऐकल्याची केंद्रानं दिलेली पावती) मागायचं असेल तर निदान वीस मिनिटांचा तपशील हवा, प्रत्येक मिनिटाच्या आसपास काय चाललं होतं ते. "छान गाणी लागली होती" यातून कुणालाच काही पडताळता येत नाही. गाण्याचे बोल, निवेदकानं सांगितलेलं नाव, जाहिरात, वेळेची घोषणा असं लिहा. इंटरनेटवर ऐकून तपशील भरू नका.

ग्रहण कसं होतं ते सिन्पोच्या पाच आकड्यांत द्या: सिग्नलची ताकद, दुसऱ्या केंद्राचा अडथळा, गोंगाट, चढ-उतार आणि एकूण दर्जा. प्रत्येकाला १ ते ५, आणि ५ म्हणजे उत्तम. दूरच्या केंद्राला खूश करायला ५५५५५ लिहिणारे पुष्कळ असतात. अभियंत्याला त्याचा उपयोग शून्य. हजार किलोमीटरवरून रात्री ऐकलेल्या केंद्राला ३२३२२ हा अगदी सन्मानाचा आकडा आहे. आणि रेडिओचं नाव, लूपचं माप आणि "नागपूर" एवढं खाली लिहायला विसरू नका. कुठून ऐकलं हे न लिहिलेले अहवालही जातात.